जुगाराच्या व्यसनावर सरकारी कार्यक्रम: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जुगारापायी कर्जबाजारी झालेल्या कुणी जीव दिला की बातमी होते, सभागृहात प्रश्न येतो आणि आठवड्याभरात दोन घोषणा होतात. एक बंदीची, दुसरी हेल्पलाइनची. बंदीचा आदेश लगेच निघतो. हेल्पलाइनचा नंबरही पोस्टरवर झळकतो, पण पलीकडे फोन उचलणाऱ्याला जुगाराच्या व्यसनाबद्दल कुणी काही शिकवलेलं नसतं आणि पुढे कुठे पाठवायचं याची यादी त्याच्यासमोर नसते. धीर एकवटून पहिल्यांदा फोन करणारा माणूस रिकाम्या हाताने परतला, तर तो सहसा दुसऱ्यांदा फोन करत नाही.

धोरणाचा मसुदा लिहिणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी, आरोग्य आणि वित्त खात्यातले लोक, तसंच त्यांच्यामागे लागणारे कार्यकर्ते आणि पत्रकार यांच्यासाठी हा लेख आहे. कोणते उपाय करायचे ते यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं, पण क्रम चुकतो. माणसाला सावरण्याची सोय आधी उभी करायची आणि मग जुगाराच्या वाटा अडवायला घ्यायच्या, हा क्रम पाळावाच लागतो. वाट अडली की व्यसनात अडकलेला माणूस अस्वस्थ होतो, चिडतो, झोप उडते, आणि लपवलेलं कर्जही त्याच सुमारास उघडं पडतं. नेमक्या त्या दिवसांत त्याला मदत लागते. ती जागेवर नसेल तर तो बेकायदा सट्ट्याकडे वळतो किंवा त्याहून वाईट काही घडतं.

## पूर्वतयारी: पहिला आदेश काढण्याआधी

जबाबदार खातं एकच ठरवा, आणि ते आरोग्य खातं असू द्या. जुगारातून महसूल गोळा करणाऱ्या खात्याकडे व्यसनाचा कार्यक्रम सोपवणं ही सगळ्यात जुनी चूक आहे. त्या खात्याचं वर्षाचं उद्दिष्ट आणि या कार्यक्रमाचं उद्दिष्ट एकमेकांच्या उलट असतं. परवाने आणि तपासणी नियामकाकडे राहू द्या. उपचार, मोजणी आणि प्रतिबंधाची सूत्रं मात्र आरोग्य खात्याकडे असावीत.

आजार म्हणून लेखी मान्यता द्या. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीतही, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, तो व्यसनाधीन वर्तनांमध्ये आहे. सरकारी परिपत्रकात ही मान्यता नसेल तर रुग्णालयात नोंद कुठल्या रकान्यात करायची इथपासून अडतं आणि विम्याचा दावाही फेटाळला जातो.

कागदावरची भाषा बदला. ‘जुगारी’, ‘नादी लागलेला’ असे शब्द अर्जात, फलकावर किंवा केंद्राच्या नावात नकोत. लाज हे मदत न मागण्याचं मोठं कारण आहे, आणि आपला अर्जच ती वाढवत असेल तर बाकीचा खर्च वाया जातो.

> तपासा: खातं ठरलं का? त्याच्या प्रमुखाला महसुलाचं उद्दिष्ट नाही ना? रुग्णालयाच्या नोंदवहीत या विकारासाठी रकाना आहे का? तिन्ही उत्तरं समाधानकारक असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा १: प्रश्न किती मोठा आहे ते मोजा

मोजणीसाठी नवी प्रश्नावली बनवायला बसू नका. कॅनडात २००१ मध्ये तयार झालेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली बऱ्याच देशांत वापरली जाते. ती गेल्या १२ महिन्यांबद्दल विचारते: परवडेल त्यापेक्षा जास्त पैसे लावलेत का, तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवावी लागली का, हरलेले पैसे भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत गेलात का, पैशांसाठी उसनवारी केली किंवा काही विकलं का, वगैरे. ‘कधीच नाही’ला ०, ‘कधीकधी’ला १, ‘बऱ्याचदा’ला २ आणि ‘जवळजवळ नेहमी’ला ३ गुण. बेरीज ० आली तर धोका नाही, १ ते २ म्हणजे कमी धोका, ३ ते ७ मध्यम आणि ८ किंवा त्याहून जास्त म्हणजे गंभीर प्रश्न.

दवाखान्यात किंवा समाजकल्याण कार्यालयात एवढा वेळ नसतो. तिथे दोनच प्रश्न पुरतात: जास्त जास्त पैसे लावावेसे वाटले आहेत का, आणि जुगारात किती पैसे घालवले याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं आहे का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की मोठी प्रश्नावली भरून घ्या.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. नमुना फार लहान घेतला जातो, ही पहिली. समजा प्रौढांपैकी शंभरात एकाला गंभीर त्रास आहे. हजार जणांना विचारलं तर त्यात असे दहाच सापडतील, आणि दहा माणसांवरून वय, वस्ती किंवा खेळाचा प्रकार यांबद्दल काहीच ठरवता येत नाही. पाहणी घरातल्या सगळ्यांसमोर केली जाते, ही दुसरी. बायको शेजारी बसलेली असताना ‘कर्ज काढलं का’ या प्रश्नाला खरं उत्तर येणार नाही, त्यामुळे हे प्रश्न माणसाला स्वतःलाच फोनवर किंवा कागदावर भरू द्या. तिसरी चूक फक्त गंभीर गट मोजण्याची. मध्यम आणि कमी धोक्याच्या गटात माणसं कितीतरी जास्त असतात आणि समाजाच्या एकूण नुकसानीचा मोठा वाटा त्यांच्याकडून येतो.

पाहणी चालू असताना हाताशी असलेल्या नोंदीही चाळा: आत्महत्येच्या चौकशीचे अहवाल, कर्ज-समुपदेशन केंद्रांची प्रकरणं, कार्यालयीन अफरातफरीचे खटले, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी. जुगाराचा उल्लेख तिथे सापडतो, फक्त आजवर कुणी तो मोजलेला नसतो.

## टप्पा २: पैशाची सोय, अटी न स्वीकारता

उपचार आणि संशोधनासाठी कंपन्यांच्या ऐच्छिक देणगीवर विसंबू नका. देणगी देणारा रक्कम ठरवतो, कधी द्यायची ते ठरवतो आणि हळूहळू कशावर संशोधन व्हावं हेही सुचवू लागतो. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं ही पद्धत होती. तिथे एप्रिल २०२५ पासून कायद्याने सक्तीचं शुल्क लागू झालं. खेळाच्या प्रकारानुसार कंपनीच्या उत्पन्नाच्या ०.१ ते १.१ टक्के इतकं हे शुल्क आहे. जमा रकमेतला निम्मा भाग उपचाराला, ३० टक्के प्रतिबंधाला आणि २० टक्के संशोधनाला जातो.

वित्त खात्याकडून एक आक्षेप हमखास येतो: कडक नियम केले तर महसूल घटेल. उत्तर तयार ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० मध्ये अंदाज काढला होता की तिथल्या जुगार-यंत्रांवर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के खर्च गंभीर व्यसनात अडकलेल्या लोकांचा आहे. म्हणजे जो महसूल घटण्याची भीती घातली जाते, त्याचा मोठा भाग आजारी माणसांच्या खिशातून येत असतो, आणि त्याच माणसांच्या उपचाराचा, कर्जाचा आणि मोडलेल्या संसाराचा खर्च सरकारच्या दुसऱ्या खात्यावर पडत असतो.

> इशारा: जमा झालेला निधी शाळा, क्रीडासंकुल किंवा धर्मादाय संस्थांना वाटू नका. एकदा चांगल्या संस्था या पैशावर जगू लागल्या की जुगार कमी होणं त्यांनाही परवडत नाही.

## टप्पा ३: हेल्पलाइन आणि उपचार, घोषणेच्या आधी

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. क्रम असा ठेवा: आधी उपचार केंद्रं, मग समुपदेशकांचं प्रशिक्षण, मग कुठे पाठवायचं याची यादी, आणि नंबर सगळ्यांत शेवटी जाहीर करा.

पहिला फोन बऱ्याचदा असा येतो. ‘भावासाठी विचारतोय,’ म्हणून बोलणं सुरू होतं. पाच-सात मिनिटं आडवळणाने गेल्यावर आवाज बदलतो आणि कळतं की प्रश्न त्याचा स्वतःचाच आहे. अशा फोनवर समुपदेशकाने काय करायचं हे लेखी आणि क्रमाने ठरलेलं असावं.

१. मध्ये न तोडता ऐकून घ्यायचं. ‘किती हरलात?’ हा पहिला प्रश्न असता कामा नये. रक्कम विचारली की माणूस पुन्हा लपवायला लागतो.

२. जिवाबद्दल थेट विचारायचं: ‘सगळं संपवून टाकावं असं मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आत्महत्या-प्रतिबंधाची ठरलेली कार्यपद्धत चालू करायची.

३. आजच्या रात्रीपुरता बेत ठरवायचा. हाताशी पैसे किती आहेत, फोनवर कोणती ॲप आहेत, घरात विश्वासाने सांगता येईल असं कोण आहे. आयुष्यभराच्या शपथा घ्यायला लावायच्या नाहीत.

४. फोन चालू असतानाच पुढची भेट ठरवायची, तीही आठवड्याच्या आत. ‘उद्या या नंबरवर चौकशी करा’ म्हणून सोडून दिलेली माणसं हाताला लागत नाहीत.

उपचारात सर्वाधिक आधार मिळतो तो वर्तन आणि विचार बदलण्याच्या थेरपीचा. ‘एक मोठा डाव लागला की सगळं फेडून बाजूला होतो’ हा विचार व्यसनात खोल रुतलेला असतो. थेरपीत तो तपासला जातो, पैसे लावण्याची ओढ कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रसंगी येते ते लिहून काढलं जातं, आणि त्या वेळेसाठी दुसरं काही ठरवलं जातं. जोडीला स्वमदत गटही चालतात. अशा गटांची सुरुवात १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला झाली आणि आज ते अनेक देशांत आहेत. नाल्ट्रेक्सोन हे औषध काही रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलं जातं, पण ते थेरपीऐवजी देऊन मोकळं होऊ नये.

डॉक्टरांच्या प्रशिक्षणात एक गोष्ट हमखास राहून जाते. पार्किन्सन्सच्या आजारावर दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं आणि मानसोपचारात वापरलं जाणारं अ‍ॅरिपिप्राझोल यांचा ज्ञात दुष्परिणाम म्हणजे जुगाराची अनावर ओढ. आयुष्यात कधी पैज न लावलेला माणूस औषध सुरू झाल्यावर घर गहाण ठेवण्यापर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे तपासणीच्या अर्जात ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत’ हा रकाना सक्तीचा करा. आणि रुग्णाला सांगा की औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायचं.

दारू, नैराश्य, चिंता यांची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. ‘आधी दारू सोडा, मग या’ म्हणून माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवणारी केंद्रं फार आहेत. दोन्हींवर एकाच ठिकाणी उपचार व्हायला हवेत.

> तपासा: नंबर जाहीर करण्याच्या महिनाभर आधी वेगवेगळ्या वेळी, रात्री दोन वाजताही, स्वतः फोन करून पाहा. किती वेळात उचलला? समोरच्याने भेटीची तारीख दिली का? वाट पाहायला लावणारं संगीत वाजत राहिलं तर नंबर जाहीर करू नका.

## टप्पा ४: कर्जाची खिडकी त्याच इमारतीत

मानसोपचार चालू आणि दाराशी वसुलीवाला, या परिस्थितीत कुणी बरं होत नाही. डोक्यावरचं कर्ज हेच पुन्हा डाव लावण्याचं कारण होतं. म्हणून कर्ज-समुपदेशक उपचार केंद्रातच बसवा, दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या इमारतीत नको.

त्याने कामं या क्रमाने घ्यावीत. सर्वांत आधी घरखर्चाचे पैसे सुरक्षित करायचे: पगार ज्या खात्यात येतो त्यावर माणसाच्या संमतीने घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचं लक्ष किंवा सही. मग सगळ्या देण्यांची यादी, त्यात मित्र, नातलग, सहकारी आणि खासगी सावकारही. ही यादी एका बैठकीत पूर्ण होत नाही. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा बहुतेक वेळा अर्धवट असतो, आणि त्यावर चिडायचं नसतं. त्यानंतर कोणती देणी कायदेशीर, कोणती नाहीत, कुठे व्याज थांबवून घेता येईल हे पाहायचं. हप्त्यांची पुनर्रचना शेवटी.

सरकारने इथे दोन गोष्टी कायद्याने द्याव्यात: उपचार घेणाऱ्यासाठी ठरावीक मुदतीची व्याज-स्थगिती, आणि वसुलीसाठी धमकावणाऱ्यांवर तातडीची कारवाई.

> इशारा: एकरकमी कर्जफेडीची योजना आणू नका, आणि कुटुंबालाही तसा सल्ला देऊ नका. सगळं कर्ज एका झटक्यात फिटलं की नवं कर्ज मिळण्याची पत मोकळी होते आणि व्यसन तिथेच असतं. जमीन विकून, दागिने मोडून मुलाचं कर्ज फेडलं आणि वर्षभरात तेवढंच पुन्हा झालं, हे अनुभव कर्ज-समुपदेशकांना नवे नाहीत.

## टप्पा ५: कुटुंबासाठी वेगळी नोंद

एका माणसाच्या गंभीर व्यसनाची झळ सरासरी आणखी सहा जणांना बसते, असा ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. तरीही बहुतेक कार्यक्रमांत जोडीदार किंवा आईवडील ‘रुग्णाचे नातेवाईक’ म्हणूनच येतात आणि त्यांच्या हाती माहितीपत्रक पडतं.

त्यांना स्वतःच्या नावाने मदत मिळाली पाहिजे, आणि तीही व्यसनात असलेला माणूस उपचाराला तयार नसला तरी. पत्नीला आज संध्याकाळी ठरवायचं असतं की संयुक्त खातं वेगळं कसं करायचं, नवऱ्याने तिच्या नावावर कर्ज काढलं असेल तर ती त्याला बांधील आहे का, मुलांना काय सांगायचं. यासाठी तासभराची कायदेशीर आणि आर्थिक सल्ल्याची बैठक फुकट मिळावी. जिथे दमदाटी किंवा मारहाण आहे तिथे दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नका. आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता पाहा.

सिंगापूरमध्ये कुटुंबीयांना जवळच्या माणसावर कॅसिनोबंदीचा आदेश मागता येतो. अर्ज झाल्यावर दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि समुपदेशनाची जोड दिली जाते. अशी तरतूद करायची तर सुनावणीची पायरी वगळू नका. नाहीतर घरातल्या जुन्या भांडणांचे हिशेब याच अर्जातून चुकते होऊ लागतात.

## टप्पा ६: स्वतःवर बंदी घालून घेण्याची नोंदवही

मदत उभी राहिली, आता वाटा अडवायला घ्या. पहिली वाट माणूस स्वतःच अडवतो: ‘मला कुठेही खेळू देऊ नका’ अशी नोंद करून. डेन्मार्कमध्ये ही सोय २०१२ पासून आहे, स्वीडनमध्ये १ जानेवारी २०१९ पासून, ऑस्ट्रेलियात ऑनलाइन बेटिंगसाठी ऑगस्ट २०२३ पासून.

नोंदवही बनवताना या गोष्टी पक्क्या करा.

१. एक नोंद, सगळीकडे लागू. प्रत्येक कंपनीकडे वेगळा अर्ज करायला लावणं म्हणजे व्यसनात असलेल्या माणसाला प्रत्येक ॲप पुन्हा एकदा उघडायला लावणं.

२. नोंद करायला काही मिनिटंच लागावीत, रात्री कधीही. हा निर्णय माणूस बहुधा मोठी रक्कम हरल्यावर मध्यरात्री घेतो. ‘कार्यालयीन वेळेत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे’ असं लिहिलं की सकाळपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

३. नोंद काढणं मात्र अवघड असावं. निवडलेल्या मुदतीआधी ती निघू नये, आणि मुदत संपल्यावरही आपोआप दार उघडू नये. माणसाने लेखी मागणी करावी, मग काही दिवस थांबावं.

४. लहान मुदतीचा पर्यायही ठेवा. डेन्मार्कमध्ये २४ तासांचा पर्याय आहे. जर्मनीत ऑनलाइन खेळताना एक बटण दाबलं की लगेच २४ तासांची बंदी लागते. कायमच्या बंदीला घाबरणारा माणूस एक रात्र टाळायला तयार होतो.

५. नोंद झाली की खात्यातली शिल्लक परत मिळावी आणि जाहिरातीचे संदेश थांबावेत. ‘तुमची आठवण येते, बोनस घ्या’ असा संदेश बंदीतल्या माणसाला गेला, तर कंपनीला दंड व्हायला हवा.

६. पुष्टीच्या संदेशात उपचार केंद्राच्या भेटीची वेळ द्यावी, नुसता नंबर नको. याचसाठी टप्पा ३ आधी हवा होता.

> तपासा: तपासनिसांनी चाचणीची नोंद करून प्रत्येक परवानाधारक कंपनीत खातं उघडून पाहावं. नावाचं स्पेलिंग थोडं बदलून किंवा नवा ईमेल देऊन आत जाता आलं, तर ओळख पटवण्याची पद्धत सुधारल्याशिवाय नोंदवही खुली करू नका.

## टप्पा ७: खेळाची रचना आणि पैशाची वाट

‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य सरकारी जाहिरातीत वापरू नका. खेळाची रचनाच भान हरपायला लावणारी असताना सगळी जबाबदारी खेळणाऱ्यावर टाकणारं हे वाक्य आहे. नियम रचनेवर करायचे असतात.

ऑनलाइन स्लॉटच्या, म्हणजे बटण दाबून चित्रं जुळवायच्या जुगाराच्या, पडद्याकडे जवळून पाहा. तीन चित्रांपैकी दोन जुळतात आणि तिसरं एका घराने हुकतं, तेव्हा खेळणाऱ्याला हरल्यापेक्षा ‘अगदी थोडक्यात गेलं’ असं वाटतं आणि तो पुढचं बटण दाबतो. दहा लावले, चार परत आले, म्हणजे सहा गेले, पण दिवे लागतात आणि विजयाचं संगीत वाजतं. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर हा फसवा जल्लोष, आपोआप चालणारा खेळ आणि काढायला टाकलेली रक्कम परत खेळात ओढणारं बटण यांवर बंदी घातली. नियम लिहायचे ते या पातळीवर.

रक्कम आणि वेग यांवरही मर्यादा हवी. ब्रिटनमधल्या सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांवर दर २० सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता येत असत. एप्रिल २०१९ मध्ये ही मर्यादा २ पौंडांवर आणली गेली. जर्मनीत २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटवर एका खेपेला जास्तीत जास्त १ युरो आणि दोन खेपांमध्ये किमान ५ सेकंद असा नियम आहे. महिन्याला भरायच्या पैशांची १,००० युरोंची मर्यादा सगळ्या कंपन्या मिळून मोजली जाते. ‘मिळून’ हा शब्द कायद्यात असलाच पाहिजे. कंपनीनिहाय मर्यादा ठेवली तर माणूस दहा कंपन्यांत दहा खाती उघडतो. नॉर्वेने २००७ मध्ये जुनी यंत्रं सरसकट काढली आणि नंतर जी आणली ती ओळखकार्ड आणि तोट्याची सक्तीची मर्यादा असलेली.

पैशाच्या वाटेवर पहिला नियम म्हणजे उधारीवर जुगार नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑनलाइन बेटिंगसाठी जून २०२४ पासून क्रेडिट कार्ड चालत नाही. नियम करताना कार्डाच्या पैशांनी भरलेलं डिजिटल पाकीटही त्यात घ्या, नाहीतर उधारी तिथून आत शिरते. दुसरा नियम बँकांसाठी: ग्राहकाला ॲपमधून जुगाराचे सगळे व्यवहार बंद करता यावेत आणि ते पुन्हा चालू करायला किमान ४८ तास लागावेत. कार्डाच्या व्यवहारांत जुगारासाठी ७९९५ हा वेगळा सांकेतिक क्रमांक असतो, त्यामुळे तांत्रिक अडचण फार नाही. बेकायदा कंपन्या मात्र किराणा किंवा कपडे म्हणून नोंद करून हा क्रमांक चुकवतात, म्हणून बँकांना असे व्यापारी शोधून काढण्याचं बंधनही घाला.

## टप्पा ८: जाहिराती

पूर्ण बंदी घालायची की वेळेची, हे प्रत्येक सरकार ठरवेल. माझं मत पूर्ण बंदीकडे झुकतं, कारण बरं होऊ पाहणाऱ्या माणसाला सामना पाहताना दर षटकाला भाव दाखवणं क्रूर आहे. पळवाटा मात्र आधीच बुजवा. इटलीने २०१८ मध्ये जाहिरातबंदी केल्यावर कंपन्यांनी त्याच नावाच्या ‘क्रीडावृत्त’ संकेतस्थळांचे लोगो खेळाडूंच्या जर्सीवर आणले. म्हणून मसुद्यात कंपनीचं नाव, त्याच्याशी मिळतंजुळतं नाव, खेळाडू किंवा समाजमाध्यमावरच्या प्रसिद्ध चेहऱ्यामार्फत केलेला प्रचार आणि पहिल्या नोंदणीचा बोनस या चारही गोष्टी स्पष्ट लिहा. मुलांच्या व्हिडिओ गेममधल्या पैसे टाकून उघडायच्या बंद पेट्यांचाही विचार करा. बेल्जियमने २०१८ मध्येच त्यांना जुगार मानलं.

## टप्पा ९: बंदी असेल तर

काही सरकारं थेट बंदीचा मार्ग निवडतात. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्या, त्याची जाहिरात करणाऱ्या आणि पैसे पोचवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. ही विभागणी योग्य आहे आणि कुठल्याही बंदीच्या कायद्यात ती ठेवा. खेळणारा गुन्हेगार ठरला तर तो हेल्पलाइनला फोन करत नाही आणि घरचेही गप्प राहतात.

बंदीमुळे टप्पा ३, ४ आणि ५ यांची गरज संपत नाही, पहिले काही महिने तर ती वाढते. बंद केलेल्या संकेतस्थळांच्या जागी रोज नवी नावं येतात, म्हणून नुसती संकेतस्थळं अडवण्यापेक्षा पैसे अडवणं जास्त टिकतं. परदेशी कंपन्यांकडे जाणारे पैसे नॉर्वेने २०१० पासून बँकांमार्फत अडवायला घेतले ते याच विचाराने.

अफरातफर किंवा चोरीच्या खटल्यात आरोपी व्यसनात होता असं दिसलं, तर न्यायालयाला उपचाराचा आदेश देता यावा. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात त्यासाठी कायद्यातच तरतूद आहे. ज्यांचे पैसे गेले त्यांना ते परत मिळण्याची अट अशा आदेशात असावी.

## टप्पा १०: काय मोजायचं, कधी मोजायचं

कार्यक्रम नीट चालू झाला तर पहिल्या वर्षी हेल्पलाइनवरचे फोन आणि उपचाराला येणारी माणसं वाढतील. विरोधक म्हणतील, प्रश्न वाढला. लपलेली माणसं बाहेर येऊ लागल्याचं ते लक्षण आहे, आणि हे कार्यक्रम सुरू करतानाच जाहीरपणे सांगून ठेवा.

वाटलेली पत्रकं, झालेली शिबिरं, संकेतस्थळाला भेट दिलेले लोक हे आकडे अहवालात नकोत. त्याऐवजी हे द्या: फोनपासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले, पहिल्या भेटीला आलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या भेटीला आले, सहा महिने आणि वर्षानंतर त्याच नऊ प्रश्नांची बेरीज किती आली, किती कुटुंबीयांनी स्वतःच्या नावाने मदत घेतली, बंदी-नोंदवहीत असूनही किती जणांना खेळू दिलं गेलं. मध्येच उपचार सोडून गेलेल्यांना एकदा फोन करा आणि कारण विचारून नोंदवा. पुन्हा खेळायला लागलेल्याला केंद्रातून काढून टाकू नका, त्याची पुढची तारीख त्याच दिवशी द्या.

मोठी पाहणी दर दोन-तीन वर्षांनी, त्याच प्रश्नावलीने आणि त्याच पद्धतीने करा. पद्धत बदलली तर आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. दर तिमाहीचं कोष्टक जाहीर करा, आणि पुढच्या वर्षीच्या निधीची मागणी करताना तेच कोष्टक टिपणीला जोडा.